आधी आडोसा की आधी मासे?

या वेळी टपालात तळ्यांचेच प्रश्न जास्त आले, म्हणून गांडूळखत आणि मधमाश्यांची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत. दोघांनी तर स्पष्टच लिहिलंय, "शेजाऱ्यांना कळू देऊ नका."

प्रश्न : आमचं अर्ध्या एकराचं मातीचं तळं आहे. पावसाळा संपताना मधोमध दीड पुरुष पाणी असतं, उन्हाळ्यात छातीभर उरतं. मुलाने मोबाइलवर परदेशी व्हिडिओ पाहिले. त्यात लोक अख्खी झाडं तळ्यात बुडवतात आणि वर्षभरात तिथे मोठाले मासे जमतात. आमच्याकडे ट्रॅक्टरचे जुने टायर पडून आहेत, बाभळीच्या फांद्याही हव्या तेवढ्या. हे सगळं टाकून मग कटला-रोहू सोडावेत असा विचार आहे. चालेल का? आणि आधी काय, आडोसा की मासे?

टायर नकोत. हे आधी सांगते, कारण पडून असलेली वस्तू खपवायला तळं फार सोयीचं वाटतं. टायरच्या रबरात अनेक रसायनं असतात आणि ती पाण्यात उतरतात. त्यातल्याच एका रसायनापासून बनणारं द्रव्य अमेरिकेतल्या कोहो सामन माशांना मारतं, हे २०२० मध्ये उघड झालं. सगळ्या जातींना ते तितकंच मारक नाही, हे खरं. पण जो मासा खायचा त्याच्यावर हा प्रयोग कशाला? दुसरा धडा समुद्रातला आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७० च्या दशकात माशांना घर म्हणून सुमारे वीस लाख टायर बुडवले. बांधलेले पट्टे तुटले, टायर तळाशी सैरावैरा फिरू लागले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आदळले. शेवटी ते उपसायला लष्कराचे पाणबुडे उतरवावे लागले.

आता व्हिडिओतल्या झाडांबद्दल. तिथले मासे म्हणजे बास आणि त्यांच्या जोडीचे छोटे ब्लूगिल. बास शिकारी आहे. फांद्यांच्या जाळीत लहान मासे लपतात आणि मोठा बाहेर दबा धरून बसतो, म्हणून त्या झाडाभोवती मासे जमलेले दिसतात. तुम्ही सोडणार ते कटला-रोहू म्हणजे कार्प. ते कुणाच्या मागे लागत नाहीत, दबा धरत नाहीत. त्यामुळे तेच झाड तुमच्या तळ्यात वेगळं काम करतं, आणि ते कोणतं हे न कळताच लोक फांद्या ढकलून देतात.

ते कळून घ्यायचं तर माशाचं तोंड बघा. पुढच्या वेळी कटला, रोहू आणि मृगळ या तिन्ही कार्प जातींचे मासे शेजारी शेजारी ठेवा. कटल्याचा खालचा जबडा पुढे येऊन वर वळलेला असतो. तो पाण्याच्या वरच्या थरातले बारीक जीव गाळून खातो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं. तो तळाच्या गाळावर चरतो. रोहू या दोघांच्या मधला. त्याचे ओठ जाड असतात आणि त्यांच्या कडेला बारीक झालर असते. ही झालर खरवडायच्या कामाची. पाण्यात बुडलेल्या काठीवर, दगडावर, देठावर शेवाळाचा आणि सूक्ष्म जिवांचा जो बुळबुळीत थर चढतो, तो रोहू ओठांनी सोलून खातो. त्या थराला पेरिफायटॉन म्हणतात. बांगलादेशात तळ्यांमध्ये बांबू रोवून यावर पुष्कळ संशोधन झालंय आणि रोहूची वाढ त्याने सुधारते असं वारंवार दिसलंय. पश्चिम आफ्रिकेत बेनिनच्या खाजणांत तर लोक पिढ्यान्‌पिढ्या उथळ पाण्यात फांद्यांची बेटं रोवून मासे धरतात. कटल्याला या बांबूंचं फारसं सोयरसुतक नाही.

म्हणजे तुमचं तळं कार्पचं असेल तर आडोसा म्हणजे आधी चराऊ कुरण, आणि मग पाणकावळ्यापासून लपायची जागा. हे एकदा डोक्यात बसलं की काय टाकायचं आणि कसं टाकायचं, हे आपोआप सुचतं. लेप चढायला उभा पृष्ठभाग हवा आणि उजेड हवा, म्हणून बांबू उभे रोवायचे. हात-दीड हात अंतरावर, खालचं टोक गाळात घट्ट, वरचं टोक पाण्याबाहेर वीतभर. जुना, वाळलेला बांबू घ्या. सगळ्यात खोल जागी रोवू नका; छातीभर पाणी असेल तिथे रोवा. खोल तळ्याच्या बुडाशी उन्हाळ्यात प्राणवायू जवळजवळ उरत नाही, तिथे मांडलेलं कुरण ओसाड पडतं. एकूण पाण्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याहून जास्त जागा अडवू नका आणि सगळे बांबू एकाच बाजूला घ्या. नाही तर जाळं कुठे ओढणार? दर वर्षी कुणीतरी मला लिहितं की मासे दिसतात पण निघत नाहीत. तळंभर खुंट मारून ठेवलेले असतात, दुसरं काही नाही.

दोन-तीन आठवड्यांनी एक बांबू उपसून अंगठ्याने घासा. हिरवट-तपकिरी, साबणासारखा लेप हाताला लागला पाहिजे. मासे सोडल्यावर काही दिवसांनी पुन्हा पाहा. त्या लेपात पुसल्यासारखे स्वच्छ पट्टे दिसले तर रोहू कामाला लागलाय. लेप जाडच होत चालला असेल तर चरणारे कमी आहेत किंवा तुम्ही खाद्य जास्त टाकताय.

बाभळीच्या फांद्या वापरा, पण पाला झडलेल्या आणि वाळलेल्या. ओली, पाल्याची फांदी पाण्यात कुजते आणि कुजताना माशांच्या वाट्याचा प्राणवायू खाते. काटे मात्र दुधारी आहेत. रात्री जाळं टाकणाऱ्या चोरांना ते चांगलं अडवतात, आणि तुमच्या जाळ्यालाही. म्हणून काटेरी जुडी एकाच कोपऱ्यात ठेवा, दगड बांधून बुडवा आणि वर खुणेचा तरंगता डबा बांधा. पोहायला उतरणारी पोरं असतील तर काटे मुळीच नकोत. दगडांचे ढीग चालतात, सिमेंटचे फुटके पाइप चालतात. रंगवलेलं लाकूड, प्लायवुड, कीटकनाशकांची रिकामी पिंपं नकोत.

राहिला क्रम. सगळ्यात आधी तळ्यात आज कोण राहतंय ते बघा. उन्हाळ्यात तळं आटवता आलं तर उत्तम; तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्या, कारण पिल्लं खाणारा मरळ हवेतला श्वास घेतो आणि ओल्या चिखलात बरेच दिवस तग धरतो. आटवता येत नसेल तर मोहाची पेंड हा जुना उपाय आहे. तिच्यातलं सॅपोनिन माशांना मारतं आणि पुढे तीच पेंड खत होते. पण मात्रा थोडीथोडकी नाही. मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी अडीच हजार किलो, म्हणजे तुमच्या अर्ध्या एकराला पाचशे किलो. त्यानंतर दोन-तीन आठवडे नवे मासे सोडायचे नाहीत. मग चुना, हेक्टरी दोनशे ते अडीचशे किलो या हिशेबाने तुम्हाला चाळीस-पन्नास किलो. त्याआधी पाण्याचा सामू (पीएच) तपासा. साडेआठच्या वर असेल तर चुन्याची गरज नाही. मग बांबू, मग पाणी हिरवट व्हायची वाट पाहायची, आणि सगळ्यात शेवटी मासे.

प्रश्न : वरच्यासारखंच तळं, अर्धा एकर. मेहुणे म्हणतात पाच हजार पिल्लं सोडा, निम्मी मेली तरी अडीच हजार उरतील. विक्रेता मत्स्यजिरे स्वस्तात देतोय. किती घ्यावेत?

मेहुण्यांचं गणित जन्माच्या वेळचं आहे. तळ्याचं गणित मोठं झालेल्या माशाच्या वजनावर चालतं. एका पाण्यात ठरावीक किलोच मासा पोसतो. तो तुम्ही थोड्या मोठ्या माशांत घ्या नाही तर ढीगभर करंगळ्यांत. पाच हजारांतले अडीच हजार "उरले" तर ते वर्षाअखेर विकायलाही लाज वाटेल एवढेच असतील.

मिश्र कार्पपालनात रोज खाद्य घालून, पाण्यावर लक्ष ठेवून हेक्टरी सुमारे पाच हजार बोटुकल्या, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडायची पद्धत आहे. अर्धा एकर म्हणजे हेक्टरचा पाचवा हिस्सा, त्यामुळे हजार. खाद्य घालणार नसाल, तळ्याचं तळ्याने पोसावं अशी इच्छा असेल, तर याच्या निम्म्यावर थांबा. आणि ही मोजणी भरल्या तळ्यावर करू नका. उन्हाळ्यात पाणी आवरून जेवढं उरतं, त्या पसाऱ्यावर करा. तो पसारा अर्धा असेल तर खाद्य घालूनही पाचशेच. दसऱ्याला ऐसपैस वाटणारं तळं वैशाखात माशांना दाटीचं होतं. मासे तेवढेच, किंबहुना वजनाने दुप्पट, आणि पाणी अर्धं.

पाचशेत मी दीडशे कटला, दोनशे रोहू आणि दीडशे मृगळ घेईन. बांबू रोवले असतील म्हणून रोहूला झुकतं माप. पाणवनस्पती माजल्या असतील तर वर वीसेक गवत्या (ग्रास कार्प). तो हायड्रिलासारखं मऊ गवत आपल्या वजनाइतकं दिवसाला फस्त करू शकतो. जलपर्णीकडे मात्र ढुंकून बघत नाही, ती हातानेच काढावी लागते. सायप्रिनस (कॉमन कार्प) घेतलात तर मृगळ तेवढे कमी करा. दोघांची पंगत तळाशीच असते, शिवाय सायप्रिनस बांध उकरतो आणि पाणी गढूळ ठेवतो. गढूळ पाण्यात बांबूवर लेप धरत नाही.

मत्स्यजिरे घेऊ नका. जेमतेम सहा-आठ मिलिमीटरची ती पिल्लं असतात; पाणकिडे, चतुराच्या अळ्या आणि बेडूक त्यांचा फडशा पाडतात. ती वाढवायला वेगळं, किडे काढलेलं संगोपन तळं लागतं. तुम्ही चांगल्या बोटभर, म्हणजे आठ-दहा सेंटीमीटरच्या बोटुकल्या घ्या. संख्या कमी, पैसे जास्त, तरी सौदा तोच स्वस्त. घेताना एका घमेल्यात थोड्या ओता आणि पाण्याला हाताने गोल फिरवा. निरोगी बोटुकल्या प्रवाहाच्या उलट तोंड करून पोहतात, मरगळलेल्या मध्यभागी गोळा होतात.

प्रश्न : बोटुकल्या आणून सोडल्या. दोन दिवसांत कडेला मेलेल्या तरंगू लागल्या. विक्रेता म्हणतो माल चांगला होता. कुणाचं चुकलं?

पत्रात तुम्ही लिहिलंय की पिशव्या दुपारी पोचल्या आणि "जीव गुदमरू नये म्हणून" लगेच कापून ओतल्या. माल चांगला असूही शकतो.

पिशवीतलं पाणी आणि तळ्यातलं पाणी यांत तापमानाचा फरक असतो, सामूचाही असतो. पिशवीत प्रवासभर माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे ते पाणी आम्लाकडे झुकतं. दुपारच्या हिरव्या तळ्याचा सामू मात्र चढलेला असतो. एका क्षणात इकडून तिकडे टाकलं की मासा तिथल्या तिथे मरत नाही. तो खचतो, अंगावरचा चिकट थर जातो, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी किंवा जिवाणू त्याला गाठतात. म्हणून मेलेले उशिरा दिसतात आणि दोष भलत्याच गोष्टीला लागतो.

पुढच्या वेळी पिशव्या सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर आणा. बंद पिशव्या सावलीत पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवा. मग तोंड सोडून तळ्याचं थोडं पाणी आत घ्या, थांबा, पुन्हा घ्या. शेवटी पिशवी आडवी करून धरा आणि मासे आपणहून बाहेर जाऊ द्या. उलटी करून झटकू नका. पिशवीतलं पाणी तळ्यात ओतायची काही गरज नाही, त्यातून रोगच यायचे. सोडण्याआधी दोन-तीन टक्के मिठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढलं तर अंगावरचे परजीवी बरेचसे गळतात; मात्र मासा कलंडू लागला की लगेच काढायचा. सोडायची जागा बांबूंच्या कडेची निवडा. नवख्या पिल्लांना पहिल्याच तासात आडोसा मिळतो आणि काठावर टपलेल्या बगळ्यांची निराशा होते.

प्रश्न : पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडं उघडतात. ऊन चढलं की खाली जातात. भूक लागते का? खाद्य वाढवू?

खाद्य आजच बंद करा! हे वाचून होईपर्यंत एखादी पहाट आणखी गेली असेल, म्हणून आधी तेवढं सांगितलं.

त्यांना भूक लागलेली नाही, श्वास लागलाय. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री इतरांसारखंच तो वापरतं. त्यामुळे तळ्यातला प्राणवायू उजाडायच्या आधी सगळ्यात कमी असतो. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच. कार्पला पाचच्या वर बरं वाटतं, तीनच्या खाली तो वर येऊन हवा-पाणी एकत्र गिळू लागतो. तेच तुम्ही पाहताय.

तातडीने करायचं ते हे. पंप लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा, मध्यरात्रीनंतर सुरू करून ऊन पडेपर्यंत. विहिरीचं ताजं पाणी असेल तर तेही उंचावरूनच सोडा, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू फारसा नसतो. शेण आणि खाद्य थांबवा.

मग कारण शोधा. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवा, तळवा वर करून. कोपर बुडता बुडता तळवा जेमतेम दिसत असेल तर पाणी बेताचं हिरवं आहे. मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ माजलंय आणि खत जास्त झालंय. कोपर बुडूनही बोटांच्या रेषा मोजता येत असतील तर पाणी उपाशी आहे. अशा पाण्यात मासे पहाटे धापत असतील तर दाटी झालीय किंवा तळाशी काहीतरी कुजतंय.

दोन वेळा विशेष सांभाळा. सलग ढगाळ दिवस, कारण शेवाळाला ऊन मिळत नाही. आणि उन्हाळ्यानंतरचा पहिला जोराचा पाऊस. महिनोन्‌महिने वर गरम आणि खाली थंड असे थर धरून बसलेलं पाणी त्या रात्री ढवळलं जातं आणि बुडाचं प्राणवायू नसलेलं, कुजट पाणी वर येतं. लोक म्हणतात पावसाच्या पाण्याने मासे मेले. पावसाने फक्त ढवळलं, जहर तळातच होतं. त्या रात्री मी पंपाजवळच असते.

खाद्य पुन्हा सुरू कराल तेव्हा अंदाजाने फेकू नका. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मं-निम्मं, माशांच्या एकूण वजनाच्या दोन टक्के. पाचशे मासे पाव-पाव किलोचे धरले तर सव्वाशे किलो, म्हणजे रोज अडीच किलो. छोट्या भोकांच्या पोत्यात भरून बांबूला टांगा. दुसऱ्या दिवशी पोत्यात शिल्लक दिसली तर तेवढं कमी करा.

प्रश्न : आमचं शेततळं प्लॅस्टिक कागदाचं आहे. मासे सोडलेत, पण पाणकावळे येऊन दिवसाला कितीतरी उचलतात. त्यात बांबू रोवता येत नाहीत, दगड टाकायची भीती वाटते.

भीती योग्य आहे. कागदाला भोक पाडणारं काहीही आत नको: दगड नको, काटे नकोत, तासलेल्या टोकाचा बांबू नको. आडोसा वरून टांगायचा. बांबूची चौकट करा, सगळी टोकं सुतळी-गोणपाटाने गुंडाळा, रिकाम्या बंद डब्यांवर ती तरंगवा आणि तिच्यातून जुन्या जाळ्याच्या झालरी कमरेइतक्या खोल सोडा. वरून सावली, खालून आडोसा, आणि जाळ्याच्या धाग्यांवर रोहूसाठी लेप. चौकट दोरांनी बांधाला बांधा, नाही तर वाऱ्याने एका कडेला जाऊन कागद घासत बसेल.

पाणकावळा पाण्याखाली पाठलाग करतो, बगळा काठावरून टिपतो, खंड्या वरून सूर मारतो. तिघांना एकच उपाय लागू पडत नाही. चौकटीने पाणकावळ्याचा त्रास कमी होतो. तळं छोटं असेल तर वरून हात-दीड हाताच्या अंतराने ताणलेल्या दोऱ्या त्याला उतरू देत नाहीत. बगळ्याला कागदाच्या घसरड्या उतारावर फारसं उभंच राहता येत नाही. खंड्याला त्याचा वाटा घेऊ द्या, त्याची चोच केवढी!

कागदी तळ्याला गाळ नसतो, म्हणून मृगळाची आबाळ होते. त्याचं प्रमाण कमी ठेवा आणि खाद्यात हयगय करू नका, कारण हे तळं आपणहून फारसं काही पोसत नाही.

पत्रात तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतेच. त्या घसरड्या उतारावरून माणूस पडला तर पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर आत सोडून ठेवा, एक टोक बांधावरच्या खुंटाला. कुंपण आणि दोर झाल्याशिवाय मासे राखायला कुणाला पाठवू नका, लहान मुलांना तर अजिबातच नाही.

प्रश्न : रोहू-कटल्याने तळ्यातच अंडी घालावीत म्हणून काही घरटं वगैरे करता येईल का? दर वर्षी बीज विकत घेणं टळेल.

नाही येणार. हे मासे पावसाळ्यातल्या वाहत्या, चढत्या नदीच्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात माद्या अंड्यांनी भरतात, पण सोडत नाहीत. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचं प्रजनन घडवलं. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं. त्याआधी ते नदीतून गोळा करावं लागे. सायप्रिनस मात्र साचल्या पाण्यात पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो. तुम्हाला घरचीच पिल्लं पाहायची हौस असेल तर त्याच्यापुढे मऊ गवताच्या पेंढ्या किंवा नायलॉनच्या दोऱ्यांचे झुबके सोडा. सकाळी त्यांवर साबुदाण्याहून बारीक, पारदर्शक दाणे दिसतील. त्यातली पिल्लं तळ्यात किती राहू द्यायची, याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात दिलंच आहे.

प्रश्न : शेजारच्यांनी प्रेमाने बादलीभर तिलापिया आणून सोडले. आता तळं बोटाएवढ्या माशांनी नुसतं वळवळतंय. आडोसा काढून टाकू का?

आडोसा काढून काही होणार नाही. तिलापियाची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, तिला तुमच्या बांबूंची गरज नाही. दोन-तीन महिन्यांत पिल्लं स्वतः वीण धरतात, म्हणून तळं भरतं आणि कुणीच वाढत नाही. बारीक आसाचं जाळं वारंवार ओढून लहान-मोठे सगळे काढत राहा. तळ्यात मरळ सोडून त्याला ते खाऊ द्यायचे, हाही एक मार्ग आहे, पण मग पुढे तुमच्या बोटुकल्याही त्याच्याच. उन्हाळ्यात तळं आटवून सुरुवातीपासून मांडणं हाच पक्का उपाय. शेजाऱ्यांना बादली परत करताना ती रिकामी द्या.

प्रश्न : घरच्या काचटाकीतला सकर मासा हातभर झालाय. तळ्यात सोडला तर शेवाळ साफ करेल ना?

नको. तो बांधात बिळं करतो, काटेरी कवचामुळे त्याला खाणारं तळ्यात फारसं कुणी नसतं, आणि पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यात गेला की परत आणता येत नाही. जिथून घेतला त्या दुकानदाराला परत घेतो का विचारा. नाही म्हणाला तर मोठ्या टाकीची सोय करा.